पुणे–वाई : अकरा सायकली, चार पंक्चर

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पायांना जाणवणारे ओझे मुख्यतः वाऱ्याचेच असते. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापासून हात-दीड हात अंतर ठेवून चालणाऱ्याचे कष्ट पाव ते तिसऱ्या हिश्शाने हलके होतात. गटाने सायकल चालवण्याची सगळी रीत या हिशेबावर उभी आहे. आघाडीचा स्वार काही मिनिटे वारा झेलतो, मग बाजूला होऊन ओळीच्या शेवटी जातो आणि दुसरा त्याची जागा घेतो.

मात्र अशा ओळीत रस्ता फक्त आघाडीच्याला दिसतो. बाकीच्यांना पुढच्याची पाठ दिसते. म्हणून आघाडीचा हात खाली करून खड्डा दाखवतो, 'काच', 'खडी' असे ओरडतो आणि ती हाक एकाकडून दुसऱ्याकडे मागे जाते. हाक मध्येच विरली, तर शेवटच्या तिघाचौघांची चाके नेमकी काचेवरून जातात. प्रस्तुत लेखकाने आठ वर्षांच्या गटस्वारीत पाहिलेली बहुतेक पंक्चरे ओळीच्या मागच्या निम्म्यात झालेली आहेत.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पाच वाजता स्वारगेटहून वाईकडे निघालेल्या अकरा जणांत प्रस्तुत लेखक होता. जुना कात्रज घाट, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, खंबाटकी घाट आणि सुरूर फाट्याहून उजवीकडे वाई, असा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. साडेदहाला वाईत नाश्ता करायचा, असे ठरले होते. गटात सहा रोड बाइक, चार हायब्रिड आणि एक एमटीबी (माउंटन बाइक) होती. आघाडीला जो असतो त्याला 'लीड' आणि सर्वांत शेवटी राहून कोणी मागे पडू नये हे पाहणाऱ्याला 'स्वीप' म्हणतात. त्या दिवशी स्वीपला पन्नाशीच्या एक बाई होत्या. सारा गट त्यांना ताई म्हणे.

सायकलींच्या या मिश्रणाचा पंक्चरशी थेट संबंध आहे. टायरच्या बाजूला २५-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. रोड बाइक आणि हायब्रिडचा व्यास ६२२, २६ इंची एमटीबीचा ५५९, आणि दूधवाल्याच्या २८ इंची काळ्या सायकलचा ६३५. म्हणजे गटात दहा ट्यूबा शिल्लक असूनही एमटीबीवाल्याला त्यांतली एकही धड बसत नाही. व्हॉल्व्हचीही तीच गोष्ट. रोड बाइकचा बारीक प्रेस्टा, मोटारीसारखा जाड श्रेडर आणि काळ्या सायकलचा, आत रबराची बारीक नळी असलेला वूड्स, असे तीन प्रकार आपल्या रस्त्यांवर आहेत. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर श्रेडरला लागतो. प्रेस्टासाठी बोटाच्या पेरापेक्षा लहान पितळी ॲडॉप्टर जवळ लागतो, आणि तो नसला तर भरलेल्या टाकीशेजारी उभे राहूनही चाक मोकळेच राहते.

पहिले पंक्चर कात्रज घाट उतरल्यावर खेड शिवापूरच्या चहाच्या थांब्यावर लक्षात आले. एका हायब्रिडचे पुढचे चाक निम्मे बसले होते. टायरमध्ये सराटा रुतला होता. गोखरू म्हणून आयुर्वेदात मान असलेली ही जमिनीलगत पसरणारी वेल पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला वाळते, तिचे फळ पाच खंडांत फुटते आणि प्रत्येक खंडाला ताठ काटे असतात. खंड कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. इंग्रजीत या वनस्पतीचे नावच पंक्चरव्हाइन असे आहे. चहाला थांबताना सायकल डांबरावरून उतरवून मातीत उभी केली की सराटा हमखास चाकाला लागतो, म्हणून ती उचलून न्यावी. हा काटा डोळ्यांना दिसतो, चिमट्याने निघतो, आणि ट्यूबवरचे भोकही एकच व स्वच्छ असते. ट्यूब बदलायला नऊ मिनिटे लागली. हवा मात्र घाईत भरली गेली. सायकलच्या दांड्याला लावायच्या छोट्या पंपाचे साठेक झटके मारून, अंगठ्याने दाबून 'झाली' असे म्हणून चाक बसवले गेले. २८ मिलिमीटरच्या त्या टायरला ऐंशी किलो वजनाच्या स्वाराखाली साधारण ७५ ते ८० पीएसआय दाब हवा होता. चाळीस पीएसआयचा टायरही अंगठ्याला दगडासारखाच लागतो. घाईत राहून गेलेला हा दाब पुढे वाईच्या रस्त्यावर भोवला.

दुसरे पंक्चर लेखकाचे. शिरवळ ओलांडल्यावर मागचे चाक डांबरावर रुळू लागले. मागचा टायर बसला की वळताना सायकलची शेपूट डुलते आणि बसायच्या गादीखाली प्रत्येक खडा जाणवतो. अशा वेळी एकदम ब्रेक दाबला तर मागचा स्वार अंगावर येतो. रीत अशी की 'पंक्चर!' असे मोठ्याने ओरडायचे, हात वर करायचा, पायडल थांबवायचे आणि सरळ रेषेत राहून डावीकडे सरकायचे. त्यानंतर अख्ख्या गटाने रस्ता सोडून, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर, शक्यतो कठड्यापलीकडे उभे राहायचे. महामार्गावर चाक खोलून पट्टीवर बसलेला माणूस ट्रकचालकाला अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. सायकल दुरुस्त करताना गेलेला जीव हा सायकलिंगमधला सर्वांत टाळता येण्याजोगा मृत्यू आहे, आणि याबाबत गटाने कोणाचेही ऐकून घेऊ नये.

दहा जण उभे राहून पाहत होते. सकाळची थंडी होती, अंगातला घाम गार होत होता, नाश्त्याची वेळ टळत चालली होती. अशा वेळी कोणी काही न म्हणताही पंक्चर झालेल्यावर दडपण येते. लेखकाने चाक काढले, लिव्हरने टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब ओढून खिशात कोंबली, टायरच्या आतून अंगठा एकदा भरभर फिरवला आणि नवी ट्यूब घातली. एकूण सात मिनिटे. गटाने टाळ्या वाजवल्या. सहा किलोमीटरवर, खंबाटकीच्या पायथ्याशी, तेच चाक पुन्हा बसले.

महामार्गावरच्या पंक्चरचे सर्वांत मोठे कारण काच नाही, काटाही नाही. ती तार आहे. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे थर असतात. असा टायर फुटला की त्याच्या चिंध्या कडेला येऊन पडतात, ऊनपावसात रबर झिजते आणि केसापेक्षा थोडी जाड, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीची तारेची टोके सुटी होतात. सायकलस्वाराला जी कड सुरक्षित वाटते तिथेच ती साचतात. तार टायरमध्ये शिरते आणि दर फेऱ्याला थोडी थोडी आत सरकते. बाहेरून तिचे टोक टायरच्या पृष्ठाशी समतल असते, म्हणून दिसत नाही. आत ती जेमतेम मिलिमीटरभर डोकावते, आणि टायर हातात मोकळा असताना तीही मागे सरते. भरभर फिरवलेल्या अंगठ्याला ती लागत नाही. लागली तर बोट कापते.

खंबाटकीच्या पायथ्याशी थांबल्यावर ताई पुढे आल्या. "नवी ट्यूब घालू नकोस. आधी कारण शोध," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी जे करून दाखवले ते गटस्वारीतल्या प्रत्येकाला येणे आवश्यक आहे. ट्यूब बाहेर काढताना टायरच्या तुलनेत ती कशी होती हे त्यांनी लक्षात ठेवले होते. टायर चढवताना त्यावरचा छापील शिक्का व्हॉल्व्हच्या समोर आणायची सवय असली तर हे सोपे जाते. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, ती गालाजवळून सावकाश फिरवली आणि झुळूक लागली तिथे बॉलपेनने फुली केली. फुली व्हॉल्व्हपासून दोन वितींवर होती. टायरवर शिक्क्यापासून दोन विती डावीकडे आणि दोन विती उजवीकडे मोजून खूण केली, कारण ट्यूब उलटसुलट धरली गेली असेल तर जागा दोन्हींपैकी एक असते. लेखकाच्या खिशातली पहिली ट्यूबही मागून घेतली. तिच्यावरचे भोकही तितक्याच अंतरावर निघाले. आता शंका उरली नाही. ताईंनी प्रथमोपचाराच्या पिशवीतला कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला. उजव्या खुणेपाशी कापसाचा एक धागा अडकला. टायर तिथे उलटा वाकवल्यावर तार वर आली आणि नखे काढायच्या चिमट्याने ओढली. सात मिलिमीटर.

भोकाची जागा आणि आकार यांवरून कारण वाचता येते. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या अंगाला भोक असेल तर टायरमधून काहीतरी आत आले आहे. आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर टायर तपासण्यात वेळ घालवू नये. रिमवरची पट्टी सरकून स्पोकच्या नटाचे छिद्र उघडे पडले आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब चिरली असेल तर पंप मारताना व्हॉल्व्ह वाकवला गेला आहे; तिथे ठिगळ बसत नाही, ट्यूब टाकून द्यावी. शेजारी-शेजारी दोन उभ्या चिरा असतील तर हवा कमी होती: खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली. सापाच्या दातांसारख्या दिसणाऱ्या या जोडभोकांना स्नेक बाइट म्हणतात.

वाईच्या रस्त्यावर चौथे पंक्चर नेमके तसेच झाले. खंबाटकी चढून, वेळे आणि सुरूर फाटा मागे टाकून गट उजवीकडे वळला होता. खेड शिवापूरला अंगठ्याने मापलेले ते हायब्रिडचे चाक मोरीच्या कडेवर आपटले. या वेळी कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. एकाने चाक धरले, एकाने टायर तपासला, बाकीचे दूर सावलीत बसले. ही विभागणी फार उपयोगी आहे. पंक्चरभोवती दोनच माणसांचे हात असावेत. तिसरा हात आला की लिव्हर हरवते, चौथा आला की व्हॉल्व्हची टोपी. गटाच्या थैलीतली कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळकांडी शेवटी इथे वापरली. ती काही सेकंदांत टायर कडक करते, पण हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून परतताना तो सोडून साधी हवा भरावी लागते.

वाईला सव्वाबारा वाजले. एसटी स्थानकाजवळच्या पंक्चरवाल्याने घमेल्यातले पाणी बदलून दिले आणि खराब झालेल्या चार ट्यूबांची पंक्चरे तिथेच काढायला बसता आले. ठिगळ लावताना सोल्यूशनने चिकटते ही समजूत अर्धीच खरी आहे. आधी ट्यूबवरचा गुळगुळीत थर काचपेपरने घासून निघायला हवा, काळी ट्यूब राखाडी दिसेपर्यंत. सोल्यूशन ठिगळाहून मोठ्या जागेत पातळ लावायचे आणि सुकू द्यायचे. ओले असताना ठिगळ दाबले तर आतला द्रावक अडकतो आणि ठिगळ तासाभरात कडेने उचलते. तीन ते पाच मिनिटांनी बोटाला चिकटेनासे झाले की ठिगळ ठेवून मधून कडेकडे जोरात दाबायचे. गटात ठिगळे निघून येण्याची जवळजवळ सगळी उदाहरणे या न थांबलेल्या तीन मिनिटांची असतात. पंक्चरवाला स्वतः जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ठिगळे करतो आणि कानशीने घासतो, पण वाट तोही पाहतो.

हवेचा टायर सायकलसाठी जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला पेटंट केला. त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी तशीच कल्पना नोंदवली होती. सुरुवातीला टायर रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढायला तासन्‌तास लागत. मिशेलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर काढला आणि त्याच वर्षी पहिली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत शार्ल तेराँ यांनी तो वापरून जिंकली. आज महाराष्ट्रातही होणाऱ्या ब्रेव्हे स्वाऱ्या त्याच परंपरेतल्या. २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात, वाटेतली दुरुस्ती स्वाराने स्वतः करायची आणि पंक्चरला गेलेला वेळ परत मिळत नाही.

परतीला गटाची थैली नव्याने भरली गेली: ६२२ च्या तीन ट्यूबा, ५५९ ची एक, दोन पितळी ॲडॉप्टर, दाबमापक, कापूस, चिमटा, आणि टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. प्रत्येक चाकाचा दाब मोजून लिहिला गेला. दीड वाजता गट निघाला. त्या वर्षी पुण्याकडची वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून होती. आत शिरण्याआधी सगळ्यांनी मागचे लाल दिवे लावले आणि अकराही जण एका ओळीत, हाकेच्या अंतरात पार झाले. पुढच्या रस्त्यात एकही चाक बसले नाही. कात्रज चढताना अंधार पडला होता आणि ताई अजून शेवटी होत्या.