चिकलठाणचं पार्सल चिकलठाण्याला

आमच्या कन्नड तालुक्यात चिकलठाण आहे आणि तिकडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विमानतळाजवळ, चिकलठाणा. फरक एका कान्याचा. लिहिणारा 'ता. कन्नड' लिहायला विसरला की टपाल जिल्ह्याच्या गावीच उतरून बसायचं. चिंचोली आणि देवगाव तर महाराष्ट्रात पैशाला पासरी. आमच्या चिंचोलीला लिंबाजी आणि देवगावला रंगारी जोडलेलं, म्हणून त्यांचं टपाल तरी ठिकाणी लागायचं.

हा घोळ देशभर होता. त्यावर उतारा काढला तो मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि केंद्र सरकारातले अधिकारी. त्यांच्या कल्पनेतला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. कन्नडचा ४३११०३. पण तो आमच्या घरात पाठ व्हायला बरीच वर्षं गेली. आजोबा म्हणायचे, "तालुका, जिल्हा लिही. पुढचं पोस्टमन बघंल."

आणि पोस्टमन खरंच बघायचा. एका आडनावाची निम्मी गल्ली, त्यात ज्ञानेश्वर तीन. मग तो पाठवणाऱ्याचं गाव वाचायचा. पैठणहून आलंय ना, मग ज्याची सासुरवाड पैठणची त्याचं. तरी चुकायचंच. पण पार्सल मांजरपाटात शिवलेलं, शिवणीवर लाखेची मोहर. उसवलं तर गावाला दिसणार! त्यामुळे परकं पार्सल देव्हाऱ्याशेजारी तसंच राहायचं आणि पोरगं निरोप घेऊन पळायचं, "काका, तुमचं टपाल आमच्याकडं आलंय." व्ही.पी. असली तर सगळाच तमाशा. पैसे मोजल्याशिवाय ती सुटत नसे. कुणी काय मागवलं, कुणाला सोडवता आली नाही, हे संध्याकाळपर्यंत पारावर. त्या दिवसांचे गोडवे गाताना हे विसरू नये. खासगी असं काही उरतच नव्हतं.

आता पत्ता म्हणजे मोबाईल नंबर. डिलिव्हरीचा मुलगा "लोकेशन टाका" म्हणतो, गल्लीच्या तोंडाशी "बाहेर या" म्हणतो. आधारवर औरंगाबाद, ॲपमध्ये छत्रपती संभाजीनगर; पिन कोड तोच राहिला म्हणून निभावतं. मागच्या दिवाळीत आमच्या ओट्यावर कुणाच्या तरी लेकराचे बूट येऊन पडले. लेबलावर नाव होतं, नंबर अर्धा झाकलेला. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाल्या, "सर, ऑर्डर आयडी सांगा." ऑर्डरच आमची नाही, आयडी कुठून आणू? शेवटी किराणा दुकानात विचारलं, तेव्हा मागच्या गल्लीतला मालक सापडला. तो म्हणाला, "मला पैसे परत आले, भाऊ. दुसरे मागवले. ते ठेवा तुम्हीच."

माझ्या मते खरा बदल हा आहे. चुका तेव्हाही व्हायच्या, पण वस्तूला मालक असायचा आणि तो वाट बघत असायचा. आता रिफंड आला की वस्तू बेवारस.

टपाल खात्यानं २७ मे २०२५ ला डिजिपिन आणला. सगळा देश ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत मांडलाय, प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड. ओटा बिनचूक सापडेल. त्यावर बसलेला ज्ञानेश्वर कोणता, ते मात्र विचारावंच लागेल.

दुसऱ्याची वस्तू बेइमानीनं दडपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो. तेव्हा परकं पार्सल दारात पडलं तर फोडू नका. पोस्टाचं असेल तर पोस्टमनच्या हाती परत द्या. कुरिअरचं असेल तर लेबलावरचं नाव घेऊन गल्लीत दोन घरी विचारा. आणि रिफंड मिळालेला मालक तुम्ही स्वतः असाल, तर निदान कंपनीला कळवून ती वस्तू उचलायला सांगा.