मिरजेच्या डॉक्टरबाई

माझे वडील एसटीत वाहक होते. दिवसभराच्या तिकिटांचा हिशेब वेबिलावर उतरवताना त्यांना कधी दुसरा कागद लागला नाही. चाळिशीपासून त्यांना नैराश्य होतं. घरात त्याला आजार कुणी म्हटलं नाही. ‘अण्णांचं परत सुरू झालंय’ एवढंच म्हणत. रात्रीची अमिट्रिप्टिलीन आणि झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. आई गेली आणि अण्णा विसरायला लागले. गॅस चालू राही. हयातीचा दाखला दिला की नाही, हे आठवेना. एका दवाखान्यात साल विचारलं, पंतप्रधान विचारले. अण्णा दोन्ही वेळा ‘माहीत नाही’ म्हणाले आणि कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ लिहून आलं. भावकीत लगेच घराच्या वाटणीची बोलणी सुरू झाली.

अशात आम्ही मिरजेला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

त्यांनी आधी अण्णांचे कान पाहिले. मळ इतका साठलेला की निम्मे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नसावेत. तो काढून घेतला, मगच पुढचं. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. मग अण्णांना बाहेर बसवून मला विचारत राहिल्या. विसरणं अचानक आलं की हळूहळू? आई असतानाच काही जाणवलं होतं का? पैशांचे व्यवहार आधी कोण बघायचं, आता कोण बघतं? शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ बोलले, कारण तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

विसराची 30 गुणांची एक चाचणी असते, 1975 साली अमेरिकेत तयार झालेली. तीत शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं. अण्णा म्हणाले, “नाही जमणार.” बाई थांबल्या. चाचणी संपल्यावर सहज विचारावं तसं म्हणाल्या, “अण्णा, साडेआठ रुपयांची चार तिकिटं. पन्नासची नोट दिली. परत किती?”

“सोळा.” उत्तर ताबडतोब आलं.

“याला गुण नाहीत,” त्या मला म्हणाल्या, “पण मला हवं ते कळलं.”

आधी सांगितलेल्या तीन शब्दांतला एकही अण्णांना आठवला नव्हता. बाईंनी धागा दिला, “एक फळ होतं बघा,” तेव्हा ‘आंबा’ आला. नैराश्यात आठवण बहुधा आत असते, ती वर काढायचं बळ नसतं. धागा दिला की येते. अल्झायमरमध्ये ती मुळात साठतच नाही, म्हणून धाग्याचाही फारसा उपयोग होत नाही. शिवाय नैराश्यातला माणूस पटकन ‘माहीत नाही’ म्हणतो आणि आपल्या विसराची तक्रार स्वतःच करतो. हे सगळं त्यांनी मला समजावलं आणि वर बजावलं, “हा नियम समजू नका. नुसती शक्यता आहे.” किलोह नावाच्या डॉक्टरांनी 1961 मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिलं आणि ‘आभासी स्मृतिभ्रंश’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. बाईंना तो पसंत नव्हता. अशा कित्येकांना पुढे खरा स्मृतिभ्रंश होतो, म्हणायच्या. दोन्ही आजार एकाच घरात नांदू शकतात.

रक्त तपासलं: बी-12, थायरॉईड, सोडियम. मेंदूचा एमआरआय झाला. बी-12 फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. स्मरणाला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन मेंदूत असतं, अमिट्रिप्टिलीन त्याचंच काम अडवते. ती त्यांनी हळूहळू उतरवत दुसऱ्या औषधावर नेली. झोपेची गोळी तर फार सावकाश, पाव-पाव करत कमी केली. एकटेपणाचं काय करायचं, हेही त्यांनी आम्हाला विचारलं. तेव्हापासून जुने सहकारी संध्याकाळी घरी येऊ लागले.

काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा झाली. गुण वाढले. वेगळं घड्याळ काढायला दिलं, त्यात काटे मात्र चुकलेच. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. “उदासी बरीच उतरली आहे. पण खाली थोडं काहीतरी सुरू झालंय. दर सहा महिन्यांनी बघत राहू.” हे त्यांनी अण्णांनाही सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत बघून. अण्णांनी मान डोलावली. त्यांच्याविषयीचं त्यांना कुणी सरळ सांगितलेलं मला दुसरं आठवत नाही.

पुढे विसर वाढलाच. पण मधली वर्षं अण्णा आपल्या घरात राहिले, आपल्या पेन्शनचा हिशेब आपण लिहीत राहिले. वाटणीची बोलणी थांबली. ती वर्षं मी बाईंच्या नावावर मांडते. फी दिली होती, देणं फिटलेलं नाही.

तुमच्या घरात बरीच वर्षं उदास असलेलं कुणी म्हातारपणी विसरायला लागलं, तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, कान तपासून घ्या, आणि एका भेटीतला निकाल शेवटचा मानू नका. गोळी मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नका.