गोड खडे

'साखर' या शब्दात गोडवा औषधालाही नाही. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे रेव, वाळू, बारीक खडे. रस आटवून ज्यांनी पहिल्यांदा कण पाडले त्यांनी नाव ठेवताना जिभेला विचारलंच नाही, बोटांना विचारलं. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय. मराठीने त्यावर कडी केली. रस्त्यावर पसरतात ती खडी, तिला जोडली साखर. देवापुढे वाटीत ठेवतो ती खडीसाखर म्हणजे दगडांवर दगडच की!

पण नाव ठेवणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी फडताळात बरेच दिवस विसरून राहिली, की बरणीच्या तळाशी थर बसतो. चमचा खाली घातला की करकरतो. वरची काकवी निथळून तो थर बोटांवर घ्यावा. पिवळसर, टोकदार, नदीकाठच्या वाळूसारखा चिकटणारा. चव घेण्याआधी हाताला कळतं ते हेच.

ही करकर जगभर गेली. पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने 'साखारॉन'ची नोंद केली: भारतातल्या वेतात मिळणारा, मिठासारखा दातांखाली फुटणारा मध. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर'. अरबांनी सिसिलीत आणि स्पेनमध्ये ऊस लावला तेव्हा शब्दही तिथे रुजला. इटालियनांचं 'झुक्केरो', फ्रेंचांचं 'स्युक्र', इंग्रजांची 'शुगर'. स्पॅनिश 'असुकार'च्या तोंडाशी अरबी उपपद अजून चिकटून आहे. 'खंड' म्हणजे तुकडा, तोही फारसी-अरबी वाटेने जाऊन 'कँडी' झाला. ग्रीक नावावरून 'सॅकरिन' आलं. 1879 साली डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना रसायनशास्त्रज्ञ फालबर्गच्या हाती लागलं ते. नाव साखरेचं, अंगात साखरेचा कण नाही.

उलट दिशेची गंमत आणखी मोठी. सातव्या शतकात चीनचा सम्राट ताइझोंग याने साखर करायची विद्या शिकून यायला मगधात माणसं धाडली. आणि उत्तर भारत आज पांढऱ्या साखरेला काय म्हणतो? चिनी! खडीसाखरेला म्हणतो मिसरी, म्हणजे मिसर देशची, इजिप्तची. घरचा माल, पण पत्ता परगावचा. आपण निदान 'साखर' तरी सोडली नाही.

गुळाचं मात्र इंग्रजीत भलतंच झालं. शर्करेचं मल्याळममध्ये झालं 'चक्कर', पोर्तुगीजांनी ते उचललं आणि इंग्रजांनी त्याचं 'जॅगरी' केलं. म्हणजे 'साखर वाईट, जॅगरी चांगली' असं सांगत कुणी चहात गुळाची पूड ढवळतो, तेव्हा शब्दांपुरतं बोलायचं तर तो साखर सोडून साखरच घालत असतो.