बेंदराचा आदला दिवस

25 नोव्हेंबर 2024, सोमवार
निवडणुकीचे निकाल परवा लागले. ठाण्यातली माणसं बंदोबस्तातून आत्ता कुठे मोकळी झाली, त्यामुळे अडून राहिलेल्या बायका आज एकदम आल्या. मार सोसणाऱ्या बायकांसाठीचा आमचा कक्ष पोलीस ठाण्याच्याच आवारात, म्हणून येणारी प्रत्येक बाई मला पोलीसच समजते. नावं या वहीत लिहीत नाही. वही कुठेही राहू शकते.

दुपारी आलेली बाई उसाच्या पट्ट्यातली. एक पोर कडेवर, एक पदराला धरून. कौटुंबिक घटना अहवालाचा फॉर्म भरायला घेतला. हिंसेची तारीख, वेळ, ठिकाण असे रकाने असतात त्यात.

"पहिल्यांदा कधी मारलं?"

"बेंदराच्या आदल्या दिवशी."

"कुठल्या साली?"

"थोरली नुकती चालाय लागली हुती तवा."

पुढची मारहाण गौरी उठल्या त्या दिवशी. त्यानंतरची संक्रांतीच्या आदल्या रात्री, तेव्हा हात मोडला. माझ्या टेबलामागे एका खिळ्याला गेल्या चार-पाच वर्षांची कालनिर्णयं अडकवलेली आहेत, ती यासाठीच. ती सण सांगते, मी पानं उलटते. सण आला की पाहुणे येतात, बाटली येते आणि सुनेच्या माहेरून काय आलं याची चौकशी होते. त्यामुळे फॉर्मातल्या बहुतेक तारखा सणांच्या आजूबाजूला पडतात.

आर्थिक हिंसेचा रकाना आला. ती गप्पच. मग म्हणाली, भांगलणीचा रोज नवरा परस्पर मालकाकडून उचलतो, दळणाचे पैसेसुद्धा सासूकडे मागावे लागतात.

"ह्ये बी लिवायचं?"

लिहिलं.

27 नोव्हेंबर
तिचे दोघे भाऊ आले होते. "मॅडम, चार माणसांत बसून मिटवू. केस झाली की तिला परत कोण नांदवणार?" रागावून काही उपयोग नसतो. त्यांच्याही घरात दोन खोल्या, त्यात त्यांची बायका-पोरं. त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि तिला एकटीला विचारलं, तुला काय पाहिजे? "मार नको. घर पायजे."

2006 च्या ऑक्टोबरापर्यंत या उत्तराला कायद्यात धड जागाच नव्हती. 1983 पासून कलम चारशे अठ्ठ्याण्णव अ होतं, पण ते फौजदारी. नवऱ्याला आत घालायचं, नाहीतर गप घरी जायचं. घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, पोरांचा ताबा, पुन्हा हात उचलू नये असा आदेश, हे सगळं एकाच अर्जात मागता येऊ लागलं ते 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायदा अमलात आल्यावर. (चारशे अठ्ठ्याण्णव या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत 85 झालं आहे. ठाणे अंमलदार अजून जुनाच आकडा बोलतात, आणि बायकाही.)

घर सासऱ्याच्या नावावर आहे, तिचा काय संबंध, असं धाकट्या भावाने जाताना विचारलंच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये आहुजा खटल्यात सांगितलं आहे की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी, सून तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. त्याला निकाल नको होता. "मग वरची खोली मिळंल का?" एवढंच त्याने विचारलं. मागू, म्हटलं.

29 नोव्हेंबर
दवाखान्यातून सिस्टरचा फोन. एक बाई आली आहे, "बाथरूममध्ये पाय घसरला" म्हणते, पण वळ दंडाच्या आतल्या बाजूला आहेत. सासू कॉटजवळून हलेना. सिस्टरने तिला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं, त्या खिडकीला कायम रांग असते. तेवढ्यात पडदा ओढून विचारलं, घरी कुणी हात उचलतं का? बाईने मान हलवली. मी पोचेपर्यंत सिस्टरने जखमांची जागा, रंग, लांबी-रुंदी सगळं टिपून ठेवलं होतं. कोर्टात हाच कागद बोलतो.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू होऊन वीसेक वर्षं झाली. मार खाल्लेली बाई पोलिसांच्या आधी दवाखान्यात पोचते, हे तिथल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. या सिस्टरला कुणी असलं शिक्षण दिलेलं नाही. तिला विचारलं, हे कसं सुचलं? म्हणाली, "माझ्या बहिणीला कुणीच विचारलं नव्हतं."

3 डिसेंबर
एका महिला मंडळाला माझा सत्कार करायचा आहे. हिंसाविरोधी पंधरवडा चालू आहे ना! कौतुकाचा राग नाही, पण शाल चुकीच्या खांद्यावर पडते. मला या कामाचं मानधन मिळतं. ड्युटी संपल्यावर नोटीस बजावायला वस्तीवर जाणारी आमची हवालदार ताई, तालुकाभर एकटीने फिरणाऱ्या संरक्षण अधिकारी, रात्री मागचं दार उघडं ठेवणारी शेजारची म्हातारी, यांना कोण बोलावणार? आणि म्हातारीला बोलावणं बरंही नव्हे. तिला त्याच गल्लीत राहायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) मार सोसलेल्या शंभरातल्या जेमतेम चौदा बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली, असं आढळलं. त्यातल्याही बऱ्याचजणी आधी माहेरी गेल्या. म्हणजे माझ्या टेबलापर्यंत येणारी बाई कितीतरी हातांनी पुढे सरकवलेली असते.

मंडळाच्या अध्यक्षबाईंना म्हटलं, शालीचे पैसे वडापच्या भाड्याला द्या. तारखेच्या दिवशी जायला-यायला पैसे नाहीत म्हणून बाई कोर्टात पोचत नाही, आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. बाई व्यवहारी निघाल्या. पावती कुणाच्या नावाने फाडायची, विचारलं.

19 डिसेंबर
पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असा कायद्याचा आग्रह. आज समोरच्या वकिलाने मुदत मागितली, मिळाली. उसाच्या पट्ट्यातली ती बाई कोर्टाच्या पायरीवर बसून पोराला शेंगदाणे सोलून देत होती. 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात असा पहिला कक्ष काढला. तेव्हाच्या कार्यकर्त्यांच्या हाती हा कायदाही नव्हता. कशाच्या जोरावर बसत असतील त्या बायकांशेजारी?

8 जानेवारी 2025
अंतरिम आदेश झाला. वरची खोली, दरमहा खर्च, नवऱ्याने खोलीत पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी हवालदार ताई आणि मी तिच्याबरोबर गेलो. सासूने नळ खालच्या मोरीतच आहे, वर पाणी चढत नाही, असं सुनावलं. ताईने आदेश मोठ्याने वाचला, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. खोलीत कांदे पसरले होते. तिने ते एका कोपऱ्यात लोटले आणि आधी दाराची कडी आतून लागते का ते बघितलं. लागत नव्हती. ताई गाडीवरून जाऊन कडी आणि स्क्रू घेऊन आली.

उद्या: रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलंय का, तहसीलमध्ये विचारणे. थोरलीचा दाखला शाळेतून घेणे. पाण्याचं वकिलांना सांगणे.