तुरी अजून बाजारातच

तरीपण त्या भटाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बायकोवर हात टाकला ते चुकलंच, त्याबद्दल बोलणं नको. पण त्याच्या आधीचं? बाजारात तुरी आलेल्या दिसल्या, घरी येऊन म्हणाला, आज वरण घट्ट कर. ती म्हणाली, आमटी करते, दोन वेळा पुरेल. आमची आजी ही गोष्ट अशी सांगायची आणि तिथेच थांबायची. पुढचं सगळं म्हणीत आलेलं आहे : बाजारात तुरी, भट भटणीला मारी. कुणी लग्न ठरायच्या आधी मांडववाल्याला विचारलं, कुणी ऊस तुटायच्या आधी बिलाचे पैसे मोजायला लागलं, की आजी एवढंच म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

२०२५ च्या पावसाळ्यात काही दिवस हा भट डोक्यातून जात नव्हता. चंदगडच्या ऑगस्टात माणसाला दुसरं काम नसतं हेही खरं. रोप लावून झालं, बाहेर पाऊस पडतोय म्हणण्यापेक्षा पाऊस राहायला आलाय म्हणावं अशी गत, लाईट आली तर आली. अशात म्हापशाहून मावसभावाचा फोन येतो. "दादा, यंदा सोडत नाय." कोण सोडत नाही, काय सोडत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही आणि मला विचारावं लागत नाही. त्याने फुटबॉलच्या एफसी गोवाचा संघ लावलेला असतो. पुढे सिवेरियो, मागे झिंगन, कडेला ब्रायसन. मी म्हणतो, मधे कोण? मग अर्धा तास मधल्या फळीवर जातो.

गंमत अशी की तो हंगाम होणार की नाही हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी २०१० साली झालेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नव्याचा पत्ता नव्हता, म्हणून जुलैत आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा हंगामच थांबवून ठेवला होता. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं. म्हणजे आमच्या तुरी बाजारातसुद्धा नव्हत्या. पेरल्यात का, तेही माहीत नव्हतं. आणि आम्ही इकडे वरण घट्ट की पातळ यावर अर्धा-अर्धा तास घालवत होतो.

कोल्हापूरचा माणूस हे ऐकून हसेल. त्याला संघ निवडावा लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा तो झाला. शाहू स्टेडियमवर बापाच्या खांद्यावर बसून गेला आणि पुढे स्वतःच्या पोराला खांद्यावर घेऊन गेला. गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड तसलंच. आम्ही चंदगडकर जिल्ह्याच्या पार टोकाला. कोल्हापूर शंभराच्या वर किलोमीटर, बाजाराला बेळगाव आणि पोटाला गोवा. तालुक्यातली किती पोरं तिलारीचा घाट उतरून हॉटेलात, बांधकामावर, कारखान्यात लागली याची मोजदाद नाही. पोरं गोव्यात गेली आणि सुट्टीला येताना केशरी जर्सी घालून आली. त्या जर्सीवर छातीशी गवा असतो, गोव्याचा राज्यप्राणी. आमच्याकडे हाच गवा रात्री कळपाने उसात शिरतो आणि सकाळी शेतकरी वनखात्याच्या पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसतो. माझ्या शेजारच्या काकांनी पहिल्यांदा ती जर्सी बघितली तेव्हा विचारलं, "ह्याला कशाला छातीवर घेतलंस रे?" त्यांचा भाताचा एक तुकडा त्याच आठवड्यात गेला होता. पोराला उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

पण मी भटाचं सांगत होतो.

त्या म्हणीत एक गोष्ट कुणी बघत नाही. भटाकडे शेत नव्हतं. असतं तर तुरी बाजारात कशाला बघाव्या लागल्या असत्या? खळ्यावरच असत्या. त्याचं सगळं दुसऱ्याच्या पिकावर : कुणी शिधा दिला, कुणी दक्षिणा दिली, त्यावर घर. पीक कसं आलं यात त्याचा हात नाही, भाव काय निघाला यातही नाही. त्याच्या वाट्याला एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती घरी आणल्यावर काय करायचं याचा विचार. ती तरी त्याला पोटभर करू द्यावी की! शेतकऱ्याला आशा परवडत नाही, कारण त्याने बी टाकलेलं असतं. काजूला मोहोर आला आणि धुकं पडलं की त्याचा चेहरा बघवत नाही. ज्याने काहीच टाकलेलं नाही, त्याची आशा मात्र स्वच्छ असते, फुकट असते, आणि म्हणूनच बहुतेक तिला कुंपण नसतं.

हे लिहिलं आणि वाटलं, झालं, भट सुटला. पण भटीण राहिलीच. फुकटच्या आशेत तिला मार का बसला?

इथं मला लक्ष्मीकांत कट्टीमनी आठवतो. आडनाव ऐकल्याबरोबर आम्हाला हा आपल्याकडचाच वाटला होता, कट्टीमनी म्हणजे बेळगाव-हुबळीकडचं आडनाव. पण पोरगा गोव्याचा, धेंपोकडून खेळलेला, एफसी गोवाचा गोलकीपर. २० डिसेंबर २०१५, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. मावसभाऊ स्टेडियमात, मी घरी टीव्हीपुढे. आधी चेन्नईचा गोल, मग हाओकिपने बरोबरी केली, आणि ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ असं पुढे नेलं. तीन मिनिटं राहिली होती. स्टेडियमातला आवाज टीव्हीच्या पेटीत मावत नव्हता. ९० व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्या हाताला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. २-३.

त्या रात्री मावसभावाने फोन उचलला नाही. नंतर बोलला तेव्हा कट्टीमनीला काय काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही त्याला अडवलं नाही, उलट दोन शब्द माझेही घातले असतील. चेन्नईच्या मेंडोझाला आम्ही काहीच म्हणालो नाही. तो परका. आपली आशा जो फोडतो त्याच्यावर माणूस चिडत नाही, ज्याच्या हातात ती ठेवली होती त्याच्यावर चिडतो. भटाने बाजारात जाऊन वाण्याला मारलं का? नाही. घरी येऊन जिचं काहीच चुकलं नव्हतं तिला मारलं. तिची चूक एवढीच की ती जवळ होती आणि तिचं वरणाबद्दलचं मत वेगळं होतं.

कट्टीमनीची गोष्ट तिथं संपली असती तर मी एवढा त्यात शिरलो नसतो. पुढे तो हैदराबादला गेला. २० मार्च २०२२, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा फातोर्डाच. समोर केरळ ब्लास्टर्स, स्टेडियम पिवळंधमक, त्याच्या बाजूने ओरडणारं फार कुणी नाही. १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर गेलं. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. तीन! हैदराबाद जिंकलं. ज्या मैदानावर त्याच्या हाताने गोव्याचा चषक गेला होता, त्याच मैदानावर त्याच हातांनी दुसऱ्या कुणाला तरी चषक दिला. मी तो सामना बघताना कुणाच्या बाजूने होतो, सांगता येत नाही. तिसऱ्या पेनल्टीला मी उभा राहिलो होतो हे खरं. ही आतून म्हणाली, "गोवा हाय काय?" म्हटलं, नाय. "मग?"

या 'मग'चं उत्तर द्यायला हवं होतं. आनंद झाला होता का? झाला. पण आपल्या पोराचं भलं झालं याचा होता, की आपण दिलेल्या शिव्या आता हिशेबात धरायला नकोत, या सुटकेचा होता? भटीण माहेरी जाऊन सुखात राहिली तर भटाला बरं वाटावं का? वाटत असेल. पण त्या बरं वाटण्यावर त्याचा हक्क किती?

गोव्याचं हे शेवटच्या मिनिटांचं दुखणं जुनंच. २०१९ च्या अंतिम सामन्यात, मुंबईत, जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने डोक्याने गोल मारला. भेके, म्हणजे मुंबईचा आपला मराठी माणूस. त्याला तर शिवीही धड देता येईना. २०२५ च्या एप्रिलात उपांत्य फेरीत गोव्याने दोन गोलांची पिछाडी भरून काढली, आणि भरपाईच्या वेळेत बेंगळुरूच्याच सुनील छेत्रीने डोकं लावलं. मधे चांगलंही झालं, नाही असं नाही. २०२० ला लीगच्या साखळीत पहिला नंबर, त्यातून आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात उतरणारा पहिला भारतीय क्लब, २०२१ च्या एप्रिलात फातोर्ड्यावर कतारच्या अल-रय्यानला ०-० रोखलं. करोनामुळे स्टेडियम रिकामं. इतकी वर्षं वाट बघून आलेला दिवस आणि बघायला कुणी नाही.

२०२५ च्या मे महिन्यात सुपर कप घेतला, जमशेदपूरला ३-० हरवून. त्या जोरावर ऑगस्टात ओमानच्या अल-सीबला २-१ हरवलं आणि गोवा आशियाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत गेला. गटात कोण, तर सौदीचा अल-नस्र. रोनाल्डोचा. मावसभावाचा फोन मिनिटात आला. रोनाल्डो येणार, फातोर्ड्यात येणार, सामना बहुतेक दिवाळीच्या आसपास, तू ये, राहायचं बघतो मी. मी म्हटलं, अरे, त्याच्या क्लबने त्याला इतक्या लांब पाठवायला तर हवं. आणि तेव्हा आमची सुगी. "भात काय पळून जातंय?" असं तो म्हणाला. गव्यांच्या तालुक्यात जन्मून असं म्हणाला!

खरं तर मला तेव्हा रोनाल्डोची तेवढी ओढ नव्हती. लीग नव्हती, म्हणून क्लबांचे पगाराचे वांधे सुरू झाल्याच्या बातम्या येत होत्या. ज्यांच्यावर आम्ही फुकटची आशा टाकत होतो त्या खेळाडूंनी बी टाकलेलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो हंगाम म्हणजे वरणाचा प्रश्न नव्हता, घरच्या चुलीचा होता. मग आमचं हे फोनवर संघ लावणं त्यांना आधाराचं वाटत असेल की चेष्टेचं? मावसभावाला विचारलं. तो म्हणाला, दादा, तू फार विचार करतोस, कट्टीमनीने चेंडू पकडायला पाहिजे होता एवढंच. दहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आणि २०२२ चं? तो म्हणाला, ते हैदराबादचं.

यावर मला बोलता आलं असतं, पण त्याचंही काही खोटं नाही. बघ्याने सगळ्यांचं सगळं समजून घ्यायचं ठरवलं तर तो बघणार काय? शिवी द्यायची नाही, आशा धरायची नाही, मग सामना लावायचाच कशाला, त्यापेक्षा पंचनामा बघत बांधावर बसावं. आणि तरी, ज्याच्या हातात आपण आशा देतो त्याला विचारून देत नाही, हेही जात नाही मनातून.

त्या हंगामात गोलात हृतिक तिवारी असेल, असं मावसभाऊ म्हणाला. तरुण पोरगा आहे. लीग झालीच तर मोठा होणार, यावर आमच्या दोघांचं एकमत होतं, आणि तो किती चेंडू सोडेल याचाही आकडा आम्ही तेव्हाच ठरवून बसलो होतो. आकड्यावरून थोडं वाजलंही.