गट नंबर १-१

साखर कारखान्याच्या संगणक विभागाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. बॉयलर पेटला की ते सुरू होतं आणि शेवटची गाडी गव्हाणीत रिकामी झाली की संपतं. हंगामात डेटाबेसला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. रात्री तीन वाजताही वजनकाट्यावर गाड्या उभ्या असतात. प्रत्येक खेपेचं वजन पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातं आणि ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत असा कायदा आहे.

पोस्टग्रेसचंही स्वतःचं पंचांग आहे. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नवं मोठं व्हर्जन येतं, त्याला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात आणि मग एका नोव्हेंबरात त्या बंद होतात. आमच्या व्हर्जन १४ च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२६ मध्ये थांबणार, म्हणजे नेमकी धुराडी पेटायच्या वेळी. म्हणून नव्या व्हर्जनवर जायचा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावा लागतो.

शेतकी खात्यातले साहेब दर वेळी एकच म्हणतात, "मॅडम, चाललंय ते चालू द्या की." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. एके काळी माझंही तेच मत होतं.

२०१९ साली आमच्याकडे पोस्टग्रेस ९.६ नीट चालत होतं. सर्व्हरचं यंत्र मात्र थकलं होतं. हंगामाआधी नवं घेतलं, त्यावर डेबियन १० टाकलं आणि जुन्या यंत्रावरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून ठेवली. डेटाबेसचं व्हर्जन हललेलं नाही, म्हणजे धोका नाही, असा माझा हिशेब.

डिसेंबरात एक वयस्कर शेतकरी ऊस नोंदीची पावती घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, पावती हाय बघा माझ्याकडं. आन् तुमचं मशीन म्हणतंय नोंदच न्हाई." गट नंबर १-१. मी शोधलं, नोंद नाही. गावाची पूर्ण यादी काढली, तर त्यात त्यांचं नाव, क्षेत्र, लागणीची तारीख, सगळं होतं. परत गट नंबर टाकून शोधलं, तर पुन्हा नाही. अंगावर काटा आला. खोलात गेल्यावर दोन गावांत एकाच गटाच्या दोन-दोन नोंदी निघाल्या. जुनी सापडत नाही म्हणून ऊस नोंदणाऱ्या चिटबॉयनं नवी केली होती. अशी दुसरी नोंद होऊच नये म्हणून तर तिथे युनिक इंडेक्स घातलेला!

कारण सापडायला दोन रात्री गेल्या. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे आमचं पोस्टग्रेस स्वतः ठरवत नव्हतं, लिनक्समधल्या ग्लिबसी या लायब्ररीला विचारत होतं. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ मध्ये हा क्रम बराच बदलला आणि डेबियन १० मध्ये तीच आहे. जुन्या क्रमात ११ आधी आणि १-१ नंतर. नव्यात १-१ आधी, मग ११. इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आणि शोध नव्या क्रमानं चाललेला. एखाद्या कोशात क्ष हा क च्या पोटात असतो, एखाद्यात अगदी शेवटी. एकाची सवय लागलेला माणूस दुसऱ्यात 'क्षमा' शोधू लागला, तर शब्द छापलेला असूनही त्याला मिळत नाही. आमची ओळही जागेवरच होती, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी चुकत होती.

रीइंडेक्स केलं, दुहेरी नोंदी शेतकी खात्यात बसून हातानं जुळवल्या. पण तोवर काही जणांची तोडणी मागे पडली होती. तुरा आलेला ऊस वजनात मार खातो, आणि ते वजन कुठल्याही बॅकअपमधून परत येत नाही.

तेव्हापासून रिलीज नोट्समधलं नव्या सोयींचं वर्णन मी मागाहून वाचते. आधी वाचते तो स्थलांतराचा भाग: काय काढलं, कशाची मूळची वागणूक बदलली. मग आमच्यातलं काय त्या जुन्या वागणुकीवर टेकून उभं आहे, ते शोधत बसते. २०२२ मध्ये ९.६ वरून १४ ला गेलो, तेव्हा पंधरवड्याच्या बिलाचा रिपोर्ट असाच निघाला. विथ लावून वेगळा काढलेला क्वेरीचा तुकडा पूर्वी आधी स्वतंत्रपणे चालायचा. १२ पासून पोस्टग्रेस तो, एकदाच वापरलेला असेल तर, मुख्य क्वेरीत मिसळून टाकतं. लिहिणाऱ्यानं नेमका त्या वेगळेपणाचा आधार घेतला होता. अपग्रेडच्या तालमीत रिपोर्ट संपेचना. मटेरियलाइज्ड हा एक शब्द घातल्यावर तो पुन्हा ताळ्यावर आला.

यंदा १८ ला जायचं ठरवलं आहे. त्याची पहिली दुरुस्ती-प्रकाशनं येऊन गेली आहेत. शिवाय अपग्रेडनंतर प्लॅनरची आकडेवारी आता बहुतांशी टिकते. पूर्वी ती नव्यानं गोळा होईपर्यंत क्वेऱ्या अंदाजानं चालायच्या. फायली कॉपी न करता हार्डलिंक करून काम झटपट उरकता येतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना वापरता येत नाही. मी कॉपीच करते. मे महिन्यात कारखान्याला घाई नसते, आणि परतीचा रस्ता मला हवा असतो.

पहिली तालीम सुरुवातीच्या तपासणीतच अडली. १८ मध्ये डेटाचे चेकसम मुळातच चालू असतात, आमच्या जुन्यात ते नव्हते. ते निस्तरून गेल्या आठवड्यात दुसरी तालीम घेतली. चिटबॉयला यंत्रापुढे बसवलं आणि त्याच्या वहीतले गट नंबर त्यालाच टाकायला सांगितले. तो वाचत गेला, टाकत गेला. १-१ आला तेव्हा मी उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. नोंद आली. तोवर त्याचं बोट वहीतल्या पुढच्या नंबरावर गेलं होतं.