बसून बघायचा आरसा

ऐन लग्नसराईतली गोष्ट. आंदणाचं सामान भरलेला छोटा हत्ती बाजारपेठेतून हळूहळू चालला होता. पलंगाच्या फळ्या, गाद्या, कूलर आणि सगळ्यात मागे दोरीने आवळलेलं ड्रेसिंग टेबल, आरशाचं तोंड रस्त्याकडे. गतिरोधकावर गाडी थबकली आणि त्या आरशात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई दिसली, उजवा खांदा उतरलेली. कपडे माझे होते, खांदा मात्र फुईचा होता.

घरी येऊन मुलाला फोन केला, मला ड्रेसिंग टेबल घ्यायचंय. तो पुण्यात असतो. थोडं थांबून म्हणाला, "आई, आता?" मग मोबाइलवर फोटोंचा पाऊस पाडला. कडेने दिवे लावलेले आरसे, गोल आरसे, जमिनीपासून डोक्यापर्यंतचे आरसे. विज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला हे दाखवू नये. पाच फुटांच्या माणसाला आपण अख्खे दिसायला अडीच फुटांचा आरसा पुरतो. फक्त त्याची वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मध्यावर यायला हवी. मागे सरकलं म्हणून जास्त दिसत नाही. बसून बघायचं तर आरसा याहूनही लहान चालतो. दुकानदार पाच फुटी काच विकतो ती आपल्यासाठी नव्हे, खोली मोठी दिसावी म्हणून. आणि दिवा आरशावर नको, आपल्या तोंडावर हवा, तोही दोन्ही बाजूंनी. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस विनाकारण आजारी दिसतो.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आमचं घर धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं, भर दुपारीही आत अंधार. तिच्याजवळ एक फणेरपेटी होती, सासरहून परत आलेली. झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला आरसा. झाकण टेकवून ठेवलं की बाईने पेटीपुढे मांडी घालून बसायचं. कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी यांचे वेगवेगळे कप्पे. मी पाहिली तेव्हा करंडा नव्हता. तो केव्हाच घरातल्या एका सुनेकडे गेला होता. मेणाच्या खाचेत फुई सुपारी ठेवायची आणि बाकी पेटीत कापूस विकल्याच्या पावत्या. घराचा हिशेब तिच्याकडे होता.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. फुईने पेटी दाराशी ओढली होती, उजेडात. झाकण उघडं. पावत्या बाजूला. ती आरशात बघत होती.

"काय देखी ऱ्हायनी, फुई?"

"डोयामा कुसय गये," म्हणाली आणि झाकण लावलं.

आमच्या धरणगावात 1674 साली इंग्रजांनी वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने गाव लुटलं. शाळेत हे आम्ही अभिमानाने सांगायचो, लुटलं गेलेलं गाव आपलंच होतं हे विसरून. इथे ते कशाला आलं? तर इंग्रज बादशाही दरबारात नजराणे म्हणून आरसे देत. तेव्हाच्या आरशामागे कथील आणि पारा असे. काचेवर चांदी चढवायची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये शोधली. बारावीच्या मुलांना मी तो प्रयोग दाखवायची: सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, ग्लुकोज, गरम पाण्यात धरलेली परीक्षानळी. बघता बघता काच आतून उजळते. दरवर्षी एखादी तरी मुलगी त्या नळीत केस नीट करायची आणि दरवर्षी मी ओरडायची. का ओरडायची, कोण जाणे.

मला लग्नात कपाट मिळालं. लोखंडी, दारावर आरसा असलेलं. गोदरेज कंपनी 1923 पासून अशी पोलादी कपाटं करते. आमचं जवळच्याच कारखान्यात झालेलं, पण आपल्याकडे कुठलंही लोखंडी कपाट गोदरेजचंच. त्या आरशावर माझा राग आहे. एक तर त्याच्यापुढे उभंच राहावं लागतं. शिवाय भांग अर्ध्यावर आला की घरात कोणाला तरी लॉकरमधलं काहीतरी हवं असे. दार उघडलं की माझा चेहरा भिंतीकडे जाई. फणी हातात धरून मी वाट बघायची. "झालं नाही का अजून?" हे सासूबाई म्हणायच्या, त्याआधी आई म्हणायची.

पुरुषांना हे कोणी म्हणत नाही. वडील सकाळी ओट्यावर पाटावर बसत, खिळ्याला दाढीचा आरसा टांगत, वाटीत पाणी. गाल फुगवून, मान वळवून, निवांत. येणारे-जाणारे रामराम घालत. शिवाय पुरुषांचं खरं ड्रेसिंग टेबल बाजारपेठेत असतं. सलूनमध्ये पुढे आरसा, मागे आरसा, वर-खाली होणारी गुबगुबीत खुर्ची, मांडीवर पेपर. तासभर गेला तरी घरी कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीत पहिलं ब्यूटी पार्लर निघालं तेव्हा किती चर्चा झाली! बायका तिथे भुवया कोरायला जातात असं सगळ्यांना वाटे. मी एकदा गेले. भुवयांचं काम पाच मिनिटांचं. उरलेला वेळ सगळ्याजणी नुसत्या बसून होत्या.

फुई गेल्यावर पेटी माळ्यावर गेली, मग जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी तशा पेट्या शोधत हिंडले. नक्षीदार फण्या, करंडे, सगळं काचेमागे, सुंदर. पण एकीतही कापसाची पावती नव्हती.

आणि कुसळ वगैरे काही नव्हतं. डोळ्यात काही गेलं की माणूस पापणी ओढतो, एक डोळा मिटतो. फुई दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होती.

शेवटी मिस्त्रीच बोलावला. वॉटरप्रूफ प्लाय, आरसा अडीच फुटी, खिडकी डाव्या हाताला येईल अशी जागा. आरसा चौकटीत घट्ट बसवू नको, हे दोनदा सांगितलं. ओल्या फडक्याचं पाणी कडेने झिरपतं आणि मागची चांदी काळी पडते. कप्पे दोन. एकात फणी, तेल, पावडर; दुसऱ्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि पेन्शनची कागदपत्रं. मिस्त्रीने सगळं लिहून घेतलं, स्टुलापाशी मात्र पेन्सिल थांबवली.

"मॅडम, स्टूल राहू द्या. कोणी बसत नाही त्याच्यावर. सगळीकडे कपड्यांचा ढीगच पडतो, मी पाहतो ना."

"मग खुर्ची करा," म्हटलं. "पाठ असलेली. हात टेकायलाही."

"खुर्ची आत सरकणार नाही, वाटेत येईल. पैसेही जास्त लागतील."

किती जास्त, ते विचारलं. त्याने टेप पुन्हा काढला.